फिरते काय?

गणपतीत पोलादपूरजवळच्या आमच्या गावी गेलो की रात्रीच्या भजनाला बसणे ठरलेले असते. २०२२ मध्ये तेथे एक बदल दिसला. पेटीच्या जागी कीबोर्ड होता आणि नववीतला एक मुलगा तो वाजवत होता. भजन संपून सगळे चहाला उठले, तेव्हा तो कीबोर्ड घेऊन माझ्याजवळ आला. म्हणाला, “काका, हे बटण दाबलं की ऑर्गन वाजतो. शेजारच्या बटणावर ‘रोटरी’ लिहिलंय. ते दाबलं की आवाज गरगरतो. पण मी हा उघडून बघितलाय. आत फिरणारं काहीच नाही. मग फिरतं काय?”

प्रश्न अगदी रास्त आहे. वर्गात कोणी तो विचारला, तर ध्वनीच्या प्रकरणातला निम्मा भाग त्याच्या उत्तरात शिकवून होईल. मात्र त्यासाठी, ज्या वाद्यात खरोखरच चाके फिरत होती त्या वाद्यापासून सुरुवात करायला हवी.

दात्यांची चाके

आधी एक सोपा प्रयोग. सायकल दुहेरी स्टँडवर उभी करा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद मागच्या चाकाच्या तारांना कडेने लागेल असा धरा आणि पेडल हाताने फिरवा. चाक हळू फिरते तोवर टक-टक-टक असे सुटे आवाज येतात. वेग वाढला की ते एकमेकांत मिसळतात आणि एक सलग स्वर ऐकू येतो. चाकाला ४० तारा असतील आणि ते सेकंदाला ६ फेरे घेत असेल, तर कागदाला सेकंदाला २४० ठोके बसतात. म्हणजे स्वराची वारंवारता २४० हर्ट्झ झाली. पेटीवरची मधली पांढरी एक २६२ हर्ट्झच्या जवळ असते, तेव्हा आपण तिच्या थोडे खाली आहोत. नियम साधा आहे: दर सेकंदाचे फेरे गुणिले दात्यांची संख्या म्हणजे वारंवारता.

अमेरिकेतील लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ मध्ये बाजारात आणलेला ऑर्गन याच नियमावर चालत असे. हॅमंड यांचा मूळ धंदा विजेवर चालणाऱ्या घड्याळांचा. विजेच्या प्रवाहाच्या आवर्तनांशी पावले जुळवून फिरणारी मोटर त्यांच्या हाताखालची होती. तीच त्यांनी ऑर्गनला बसवली. त्यांच्या वाद्यात रुपयाच्या नाण्याहून मोठी, दातेरी कडेची पोलादी चाके असत. बहुतेक मोठ्या वाद्यांत ती ९१ होती. प्रत्येक चाकासमोर एक चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे. दाता चुंबकासमोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. कागदाचे ठोके जाऊन येथे विजेची लाट आली, एवढाच फरक.

सप्तकातल्या बारा स्वरांसाठी बारा वेगळे वेग हवेत. ते दंतचक्रांच्या जोड्यांनी मिळवले होते. मोटरचा दांडा सेकंदाला २० फेरे घेई. पांढरी सहासाठी ८८ आणि ६४ दात्यांची जोडी होती. २० × ८८ ÷ ६४ = २७.५ फेरे. चाकाला १६ दाते, म्हणून वारंवारता बरोबर ४४० हर्ट्झ. पांढरी एकसाठी ८५ आणि १०४ ही जोडी होती. येथे उत्तर २६१.५४ येते. हवे होते २६१.६३. दाते पूर्णांकातच कापावे लागतात, त्यामुळे हा बारीक फरक राहून गेला. विद्यार्थ्यांना ही गणिते जरूर करायला द्यावीत. अपूर्णांकांचा असा उपयोग पुस्तकात सहसा सापडत नाही.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. तेथील ऑर्गन जसाच्या तसा महाडला आणून लावला, तर मोटर पाच-षष्ठांश वेगाने फिरेल आणि पांढरी सहाची पट्टी दाबल्यावर ३६७ हर्ट्झचा, म्हणजे थोडासा उतरलेला काळी तीनचा स्वर निघेल. म्हणूनच ५० हर्ट्झच्या देशांसाठी कंपनीला वेगळी यंत्रे करावी लागत.

उसने घेतलेले स्वरांश

एका चाकाचा स्वर अगदी साधा, शिट्टीसारखा असतो. त्याला रंग चढतो तो दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वर मिसळल्यावर. त्यासाठी या ऑर्गनला नऊ ओढदांड्या असत. कोणता स्वरांश किती मिसळायचा हे त्या कमी-जास्त ओढून ठरवायचे.

पण या स्वरांशांसाठी स्वतंत्र चाके नव्हती. ते इतर स्वरांच्या चाकांकडून उसने घेतले जात. पांढरी एकची पाचपट वारंवारता १३०७.७ हर्ट्झ व्हायला हवी. तिच्या जवळचे चाक वरच्या सप्तकातल्या पांढरी तीनचे, त्याची वारंवारता १३१८.४ हर्ट्झ. सुमारे ११ हर्ट्झचा हा फरक गणिताच्या दृष्टीने चूक आहे. ऐकणाऱ्याला मात्र तोच ‘हॅमंडचा आवाज’ वाटतो.

फिरणारा कर्णा

आता ‘रोटरी’कडे वळू. महाड-पोलादपूर रस्त्यावर उभे असताना हॉर्न वाजवत जाणारी गाडी सर्वांनी ऐकलेली असते. गाडी जवळ येत असताना स्वर चढा, लांब जाताना उतरलेला. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या हॉर्नचा स्वर आपल्याला ओलांडताना पेटीवरच्या दीड पट्टीहून थोडा जास्तच खाली येतो. हा डॉप्लर परिणाम.

अमेरिकेतीलच डोनाल्ड लेस्ली यांना हॅमंड ऑर्गनचा घरातला आवाज सपाट वाटला. १९४० च्या सुमारास त्यांनी त्यावर तोडगा काढला. ध्वनिक्षेपकाच्या तोंडावर कर्णा बसवायचा आणि तो कर्णाच गोल फिरवायचा. कर्ण्याला दोन तोंडे दिसतात, पण आवाज एकातूनच येतो, दुसरे तोल सांभाळण्यापुरते. खर्जाच्या स्वरांसाठी खाली वेगळा फिरता पिंप असतो. पुढच्या यंत्रांत दोन गती आल्या: संथ, सेकंदाला एका फेऱ्याहूनही कमी, आणि द्रुत, सेकंदाला सुमारे पावणेसात फेरे.

कर्ण्याचे तोंड मध्यापासून १९ सेंटिमीटरवर आहे असे धरू. द्रुत गतीत त्या तोंडाचा वेग सेकंदाला ८ मीटर होतो. ध्वनीचा वेग ३४५ मीटर धरला, तर स्वर सव्वादोन टक्क्यांहून थोडा अधिक वर-खाली होतो. ४४० चा स्वर ४३० ते ४५० च्या दरम्यान झुलतो, तेही सेकंदाला पावणेसात वेळा. शिवाय तोंड आपल्याकडे असताना आवाज मोठा, पाठ फिरली की लहान. बटण दाबल्याबरोबर गती बदलत नाही. हलका कर्णा लवकर वेग घेतो, जड पिंपाला कित्येक सेकंद लागतात. हा मधला काळच वादकांना सर्वांत प्रिय असतो.

वर्गात हे दाखवायचे तर एक लहान बझर आणि ९ व्होल्टचा सेल रबरी चेंडूत घट्ट बसवा, चेंडू ६० सेंटिमीटरच्या मजबूत दोरीला बांधा आणि मैदानात सेकंदाला दोन फेऱ्यांनी फिरवा. वेग साडेसात मीटर, म्हणजे जवळजवळ लेस्लीच्या कर्ण्याएवढाच. मुलांना लांब उभे करावे आणि गाठ आधी तपासावी.

चाकाऐवजी आकडा

दातेरी चाकांच्या ऑर्गनचे उत्पादन १९७० च्या दशकाच्या मध्यात थांबले. वाद्ये जड, दुरुस्ती अवघड. तो आवाज मात्र लोकांना हवा होता. तो संगणकाकडून दोन रीतींनी मिळवता येतो.

पहिली रीत नमुन्यांची. खऱ्या वाद्याचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करायचा आणि पट्टी दाबली की तो वाजवायचा. यात एक गोची आहे. फिरत्या कर्ण्यासकट मुद्रण केले आणि तीन पट्ट्या थोड्या अंतराने दाबल्या, तर तीन स्वर तीन वेगवेगळ्या वेळी झुलू लागतात, जणू प्रत्येकाचा कर्णा निराळा! खऱ्या यंत्रात कर्णा एकच, सगळे स्वर त्याच्यातूनच फिरतात.

दुसरी रीत प्रतिरूपाची. येथे आवाज साठवायचा नाही, यंत्राची रीत साठवायची. चाकाच्या जागी संगणकाच्या स्मृतीत एक आकडा असतो: चाक आत्ता किती अंशांवर आहे तो कोन. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची किंमत काढायची असेल, तर ४४० हर्ट्झच्या स्वरासाठी हा कोन दर वेळी ३.५९ अंशांनी वाढवायचा, ३६० च्या पुढे गेला की ३६० वजा करायचे आणि त्या कोनाचे साइन घ्यायचे. ९१ चाकांसाठी सेकंदाला ४० लाखांवर अशा किमती होतात. आजच्या साध्या संगणकाला ते जड नाही. ‘सेटबीफ्री’ नावाची मोफत, खुली प्रणाली असेच प्रतिरूप वापरते.

कर्ण्याची युक्ती याहून गमतीची आहे. कर्णा फिरतो म्हणजे त्याचे तोंड आपल्यापासून १९ सेंटिमीटर पुढे-मागे होते. एवढे अंतर कापायला ध्वनीला ०.५५ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ४४,१०० च्या हिशेबाने २४ किमती येतात. म्हणून संगणक ध्वनीच्या किमती रांगेत उभ्या करतो आणि रांग नेहमी एकाच जागेवरून न वाचता ती जागा २४ घरे पुढे, २४ घरे मागे अशी झुलवतो. वाचणारा रांगेच्या दिशेने सरकला की किमती लवकर भेटतात आणि स्वर चढतो, उलट सरकला की उतरतो. डॉप्लर परिणाम आपोआप मिळतो. स्टॅनफर्डचे ज्युलियस स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत या मार्गाने लेस्लीचे प्रतिरूप मांडले होते.

तेव्हा त्या मुलाला मी सांगितले, “फिरतोय तो आकडा.”

दोष का जपायचे?

नक्कल करणे नवे नाही. हॅमंड ऑर्गन हीच मुळात चर्चमधल्या नळ्यांच्या ऑर्गनची नक्कल होती. आपल्याकडचे उदाहरण तर प्रत्येक वरातीत वाजते. १९५४ च्या ‘नागीन’ चित्रपटातली पुंगी पुंगीवर वाजलेलीच नाही. ती कल्याणजींनी क्लॅव्हियोलीन या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, एका वेळी एकच स्वर काढणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. आज महाडच्या बाजारपेठेतून जाणारी बेंजो पार्टी वाजवते ती त्या नकलेची नक्कल.

मात्र नक्कल साधते ती वाद्याचे दोष सांभाळल्यावर. हॅमंडच्या प्रत्येक पट्टीखाली नऊ विद्युतजोड असत. ते नेमके एकाच क्षणी जुळत नसत, त्यामुळे ‘टक्’ असा आवाज येई. करणाऱ्यांना तो दोष वाटे, वादकांना ते स्वराचे टोक वाटले. शेजारच्या चाकांचा आवाजही थोडासा झिरपे. आज प्रणाली लिहिणारे ही टक्, हा झिरपा, दंतचक्रांचे ते अपूर्णांक मुद्दाम मोजून घालतात. नुसती स्वच्छ साइन लाट दिली, तर कोणीही म्हणेल, हा ऑर्गन नव्हे.

याचा अर्थ असा की प्रतिरूपात तेवढेच उतरते जेवढे कोणीतरी आधी मोजून ठेवलेले असते. हॅमंडच्या दात्यांची संख्या लिहून ठेवलेली होती, म्हणून चाके आज आकड्यांत फिरतात.

आणि आपली पेटी?

आमच्या गावची भजनाची पेटी जुलै २०२१ मध्ये महाडला दुरुस्तीला दिली होती. २२ जुलैला सावित्रीचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यापुढे एका पेटीचे दुःख ते काय! पण पेटी गेली हे खरे. भाता फाटला, लाकूड फुगून सांधे सुटले. म्हणून कीबोर्ड आला. त्यातही ‘हार्मोनियम’चे बटण आहे. आमचे वयोवृद्ध बुवा ते ऐकून म्हणाले, “आवाज पेटीचाच आहे रे, पण हिला दम कुठाय?”

बुवांचे म्हणणे भौतिकशास्त्राला धरून आहे. भात्याचा दाब बदलला की पेटीचा आवाज लहान-मोठा होतो आणि स्वरही किंचित हलतो. खर्ज आणि नर सूर एकत्र बोलतात, त्यांच्यातल्या बारीक फरकाने आवाज डुलतो. पट्टीची खटखट, फटीतून निसटणारी हवा, हे सगळे त्या पेटीचे होते. ध्वनीचे मापन हे माझे रोजचे काम. प्रत्येक वर्षी मी त्या पेटीपुढे बसत होतो, आणि तिचा एकही सूर मी मोजून ठेवला नाही.

शाळेत ते करता येईल. गावात किंवा शाळेत जी जुनी पेटी असेल, तिचा एकेक सूर शांत खोलीत मोबाइलवर दहा सेकंद मुद्रित करावा: एकदा मंद भात्यावर, एकदा जोराच्या. ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रणालीत वर्णपट काढावा. मूळ वारंवारता, पहिल्या आठ स्वरांशांची उंची आणि दाबाने झालेला बदल यांचा तक्ता करावा. पेटी कोणाची, कधीची, सूर कधी बदलले, हेही लिहावे. दहावीच्या प्रकल्पाला एवढे काम पुरेसे आहे.

त्या रात्री मुलाने आणखी एक प्रश्न विचारला होता: “मग आपल्या पेटीचे आकडे कुठे मिळतील?” मला उत्तर देता आले नाही. पलीकडच्या वाडीत अजून एक जुनी पेटी आहे. दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर आम्ही दोघे मोबाइल घेऊन तिकडे गेलो आणि खर्जाच्या पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली.