पोराच्या रक्ताचा कागद



गेल्या पावसाळ्यात चंद्रपूरहून परतताना एस. टी. त माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर चार वर्षांचा मुलगा, हातात कापडी पिशवी. मी शिकवणारा माणूस आहे हे कळताच त्यांनी पिशवीतले सारे कागद माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "गुरुजी, एवढे कागद झाले, पन पोराले झालं काय, हे कोनीच सांगत नाही."

मी काही डॉक्टर नव्हे, मराठी शिकवतो. पण कागद वाचणे हा माझा धंदाच. आम्ही दोघांनी ते तारखेप्रमाणे लावले. पहिल्यावर हिमोग्लोबिन साडेसहा. तेव्हा लोहाचे औषध मिळाले. दुसऱ्यावर कावीळ, तेव्हा गावात काविळीची माळही घालून झाली. तिसरा हातापायांच्या सुजेचा. तेव्हा वाताची शंका आली. प्रत्येक कागद वेगळ्या दवाखान्याचा, आणि एका डॉक्टरने दुसऱ्याचा कागद पाहिलेला नाही. शेवटच्या कागदावर लिहिले होते, 'सिकल सोल्युबिलिटी : पॉझिटिव्ह'. म्हणजे अशक्तपणा, पिवळे डोळे आणि सूज, या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच असू शकते, याची ही पहिली खूण होती.

हा सिकलसेलचा आजार आहे तरी काय? निरोगी माणसाची तांबडी पेशी गोल, लवचिक असते आणि सुमारे 120 दिवस जगते. या आजारात हिमोग्लोबिनच्या घडणीत फरक असतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की पेशी वाकून विळ्यासारखी होते, आणि दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी, म्हणूनच डोळे पिवळे. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून कळा आणि सूज. हिंदुस्थानात हा दोष 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या भागांत तो बराच आढळतो; आदिवासींत आढळतो, तसा इतर समाजांतही.

आता तपासणीचे बघू. सोल्युबिलिटीची तपासणी ही चाळणी आहे. रक्ताचा थेंब औषधी द्रावणात टाकतात. ते गढूळ झाले, तर रक्तात सिकलचा अंश आहे, एवढेच कळते. मूल आजारी आहे की नुसते वाहक, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी लागते: इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. तिच्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. कागदावर 'एएस' आले तर वाहक, 'एसएस' आले तर रोगी. कधी सिकलबरोबर थॅलेसेमियाचा दोषही असतो. तोही इथेच उलगडतो.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांना आपण होऊन सांगाव्या. मुलाला गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल, तर ते आधी सांगा. परक्या रक्तामुळे निकाल फसवा येऊ शकतो. आणि मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, तर चाळणी तपासणी दोष नाही असे दाखवील, तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नका.

त्या बाईंचे खरे दुःख पुढे निघाले. घरात सासू म्हणे, "हे तुह्या माहेराचं रगत." नवरा स्वतःचे रक्त तपासून घ्यायला तयार नव्हता. मंडळी, हे नीट ध्यानात घ्या. मूल 'एसएस' होते ते आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही दोष आले तरच. आईबाप दोघे वाहक असले, तर प्रत्येक खेपेस चारात एक शक्यता रोगी मुलाची, दोन वाहकाची, एक निर्दोष मुलाची. एक मूल आजारी झाले म्हणून पुढचे तीन सुटले, असा हा हिशेब नाही. म्हणून मुलाच्या तपासणीबरोबर आईबाप दोघांची तपासणी व्हायलाच हवी. लग्नाआधी झाली तर फारच बरे.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तिच्यात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करून निकालाचे कार्ड देण्याची योजना आहे. आपल्या आरोग्य केंद्रात विचारा. निदान झाले म्हणजे सारे संपले, असे नाही. हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड, लसी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणे, यांनी मुलाचे आयुष्य पुष्कळ सुधारते. पण ताप आला, धाप लागली, पोट एकाएकी फुगले किंवा हातपाय लुळे पडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आईबापांनी एक वही करावी. ताप कधी आला, कळ कुठे उठली, रक्त कधी चढवले, औषध कोणते, हे तारखेसह लिहावे; कागद त्याच वहीत चिकटवावेत. लिहिता येत नसेल, तर हे काम शिक्षकांनी करावे. आणि गुरुजी, जे पोर हिवाळ्यात वारंवार गैरहजर राहते, धावताना बसते, सारखे पाणी मागते, त्याला आळशी म्हणू नका. पाणी पिऊ द्या, लघवीला जाऊ द्या, आणि आईबापांना बोलावून तपासणीचे सुचवा.

दोन महिन्यांनी त्या बाईंचा फोन आला. मुलाचा निकाल 'एसएस' होता. औषध सुरू झाले होते. त्यांचा स्वतःचा कागद 'एएस' आणि नवऱ्याचाही 'एएस'. मी विचारले, "सासूबाई आता काय म्हणतात?"

"काही नाही जी," त्या म्हणाल्या. "पोराले पानी त्याच पाजतात आता."