कुंडीची इशारा पातळी

दोस्तांनो, वाचायच्या आधी एक काम करा. घरात, शेजारी किंवा रोपवाटिकेत जिरेनियम असेल तर त्याचं एक पान दोन बोटांत धरून हलकेच चोळा आणि बोटं नाकाशी न्या. कुणाला गुलाबासारखा वास येईल, कुणाला लिंबासारखा, तर कुणाला नुसता उग्र. जात बदलली की वास बदलतो. पानावर बारीक लव असते ना, तिच्यातल्या काही केसांच्या टोकाला तेलाचा इवलासा फुगा असतो. तुम्ही चोळलंत आणि फुगा फुटला! गुलाबी वासाच्या जातीच्या तेलात जेरॅनिऑल नावाचं द्रव्य असतं, आणि हेच द्रव्य गुलाबाच्या फुलातही असतं. एक फुलातून दरवळतं, दुसरं पानातून.

कोल्हापुरात सगळे याला जिरेनियमच म्हणतात. पण शास्त्रज्ञांच्या वहीत याचं नाव आहे पेलार्गोनियम. हा घोळ पक्ष्यांच्या चोचीमुळे झाला. फूल गळून गेल्यावर मागे लांब, टोकदार फळ उरतं, अगदी मिटलेल्या चोचीसारखं. ग्रीक भाषेत 'गेरानोस' म्हणजे क्रौंच. म्हणून १७५३ साली लिनियसनं ही सगळी चोचवाली झाडं 'जेरॅनियम' या एकाच घरात बसवली. पुढे १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं घराच्या वाटण्या केल्या. आपल्या कुंडीतल्या झाडाला त्यानं बलाकाचं नाव दिलं, कारण 'पेलार्गोस' म्हणजे बलाक. भिगवणला उजनीच्या पाण्यात चित्रबलाक उभे असतात ना, त्यांचाच हा भाऊबंद. आणखी एका गटाला त्यानं बगळ्याच्या नावावरून एरोडियम म्हटलं. क्रौंच, बलाक, बगळा, तिघंही एकाच कुटुंबात! खऱ्या जेरॅनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या साध्या, एकेरी फुलात वरच्या दोन पाकळ्यांचा थाट वेगळा आणि खालच्या तिघींचा वेगळा. बघा बरं निरखून.

आता खरी मेख. पेलार्गोनियमच्या बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेच्या, आणि त्यातल्या पुष्कळशा थेट नैऋत्य टोकाच्या, म्हणजे केप टाउनच्या बाजूच्या. तिथे पाऊस कधी पडतो? जून, जुलै, ऑगस्टमध्ये. म्हणजे आपल्याच महिन्यांत! मग हे झाड कोल्हापूरच्या पावसात खूश व्हायला हवं, नाही का? पण नाही होत. कारण विषुववृत्ताच्या पलीकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. तिथला पाऊस गार आणि बेताचा. आपला पाऊस उबदार आणि धो धो, गगनबावड्याकडून ढग आले की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. त्या उबदार ओलीत पिथियम नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव माजतो आणि झाडाचं खोड बुंध्यापासून काळं पडत जातं. माझं पहिलं झाड असंच गेलं. पानं मलूल दिसली म्हणून मी आणखी पाणी घातलं, आणि तेच चुकलं.

पावसाळ्यात तुमच्या घरी एकच चर्चा असते, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं? ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. कुंडीलाही अशी पातळी असते आणि ती मोजायचं माप म्हणजे तुमचं बोट. मातीत दोन पेरं बोट खुपसा. ओल लागली तर तांब्या खाली ठेवा. कोरडं लागलं तर भरपूर पाणी घाला आणि खालच्या भोकातून जादा पाणी निघून जाऊ द्या. थाळीत साचलं तर ओतून टाका. या झाडाचं खोड जाडसर असतं, त्यात थोडं पाणी साठवलेलं असतं, त्यामुळे दोन दिवस विसरलात तरी ते रागवत नाही.

कुंडी मातीचीच घ्या, तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. शेतातली नुसती काळी माती भरू नका, ती चिकट होऊन पाणी धरून बसते. माती, जाड वाळू आणि गांडूळखत सारखं मिसळा. खत फार झालं तर पानंच पानं येतात, फुलं रुसतात. सकाळचं ऊन हवंच, पण एप्रिल-मे मध्ये दुपारी सावलीत ठेवा. जूनपासून कुंडी पत्र्याच्या किंवा गॅलरीच्या आडोशाला हलवा.

जास्वंदीची फांदी आपण पावसात खोचतो आणि ती लागतेही. इथे मात्र दिवाळी होऊ द्या. चार बोटं लांब शेंडा कापा, खालची पानं काढा आणि अर्धा दिवस सावलीत नुसता पडू द्या. कापलेली बाजू सुकली की वाळूमिश्रित मातीत खोचा. वरून प्लास्टिकची पिशवी घालू नका, खोड कुजतं.

वाळलेले गुच्छ खुडत राहा, म्हणजे नवे येतात. पण एक गुच्छ माझ्यासाठी ठेवा. त्याला फळ धरलं तर पिकल्यावर चोच उकलते आणि पाच बिया सुटतात. प्रत्येकीला पिसासारखी शेपटी. वाऱ्यावर ती उडते. जमिनीवर पडली की खरी कमाल! शेपटी वाळली की स्प्रिंगसारखी पिळते, ओली झाली की सुटते. पीळ बसतो, सुटतो, आणि बी गिरमिटासारखी मातीत शिरत जाते. ना स्नायू, ना मोटार.

फळ नाही धरलं तरी हिरमुसू नका. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या डोंगरावर हिवाळ्यात कपड्यांना टोचणारी कुसळं हेच काम करतात. यंदा गेलात की चार कुसळं कागदात गुंडाळून आणा, एकावर पाण्याचा थेंब टाका आणि ते किती वेळा गरकन फिरतं ते मोजून आम्हाला कळवा.