दोरी नसलेलं धनुष्य

फ्रेंच शिल्पकार आंत्वान बूर्देल (१८६१–१९२९) यांनी शिल्पकार रोदँच्या कार्यशाळेत सुमारे पंधरा वर्षं काम केलं. गुरूच्या सावलीतून ते ठळकपणे बाहेर आले ते १९०९च्या ‘धनुर्धारी हेराक्लीस’ या शिल्पाने.

ग्रीक पुराणकथेत हेराक्लीसने बारा अवघड कामं पार पाडली. स्टिम्फालस सरोवरावरच्या नरभक्षक पक्ष्यांचा संहार हे त्यातलं एक. शिल्पाचा विषय हाच, पण बूर्देल यांनी पक्षी दाखवलेच नाहीत. दिसतो तो फक्त हेराक्लीस: एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय समोरच्या खडकाला रेटलेला, पाठीचे स्नायू ताठ. जरा जवळ जाऊन पाहा: धनुष्याला दोरी नाही आणि बाणही नाही! तरी ताण जाणवतो, कारण तो सगळा शरीरात आहे. माझ्या मते शिल्पाचं खरं मोठेपण इथेच आहे.

या शिल्पासाठी घोडदळातले अधिकारी दोआयँ-पारिगो मॉडेल म्हणून बसले. आपला चेहरा ओळखू येऊ नये, ही त्यांची अट होती. म्हणून बूर्देल यांनी प्राचीन ग्रीक मूर्तींच्या वळणाचा, अरुंद डोळ्यांचा चेहरा घडवला. १९१०च्या पॅरिस प्रदर्शनात शिल्पाचं जोरदार स्वागत झालं. दोआयँ-पारिगो १९१६मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दनच्या लढाईत मारले गेले.

ब्राँझच्या प्रती पॅरिसच्या ऑर्से आणि बूर्देल संग्रहालयांत आहेत.