नोटिशीत चपलांचा विषय नको

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. इमारतीला लिफ्ट नाही आणि बाई राहतात तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅटही त्यांचाच. तो त्यांनी ११ महिन्यांच्या कराराने एका कुटुंबाला दिला होता. मध्यंतरी बाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आणि डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असे बजावले. ३१ डिसेंबरला करार संपला, पण फेब्रुवारी उजाडला तरी कुटुंब तिथेच होते.

बाईंनी नोटीस स्वतःच लिहून आणली होती. चार फुलस्केप पाने, मोत्यासारखे अक्षर. जिन्यातल्या चपला, तळलेल्या मासळीचा वास, रात्री साडेअकराचा टीव्ही, शेजारणीशी झालेली बाचाबाची, सगळे त्यात होते. करार कोणत्या तारखेला संपला, एवढेच नव्हते. आणि सुरुवात होती, ‘आपण माझे मासिक भाडेकरू असून...’

मी विचारले, ‘‘बाई, हे पाठवलं नाहीत ना?’’

‘‘नाही हो, आधी तुम्हाला दाखवावं म्हटलं.’’

मला हायसे वाटले. कारण त्या नोटिशीत सर्वांत महाग पडणारा शब्द होता ‘भाडेकरू’. आपण बोलताना सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा माणूस हा परवानाधारक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या परवान्याची मुदत संपली की त्याने जागा परत द्यायची असते. न दिल्यास घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. भाडेकरूचे मात्र तसे नाही. त्याला कायद्याचे मोठे संरक्षण आहे. कलम १५ व १६ मधले एखादे कारण कोर्टात सिद्ध केल्याशिवाय त्याला उठवता येत नाही. परवानाधारकाला आपल्याच सहीने भाडेकरू म्हणणे म्हणजे समोरच्या वकिलाच्या हातात आयता मुद्दा देणे.

म्हणून नोटीस लिहिण्याआधी कपाटातून करार काढायचा. तो नोंदवलेला आहे ना, हे पाहायचे. ‘११ महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?’ हा समज अजून गेलेला नाही. महाराष्ट्रात कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. बाईंचा करार नोंदवलेला होता. अर्धी लढाई तिथेच जिंकली.

खरे तर मुदत संपल्यावर कलम २४ साठी वेगळी नोटीस द्यावीच लागते असे नाही. तरी मी ती द्यायला सांगतो. पुष्कळ माणसे कागद हातात पडल्यावर हलतात, आणि पुढे अर्ज करावा लागलाच तर आपण रीतसर मागणी केली होती हे दिसते. करार मुदतीआधी संपवायचा असेल तर गोष्ट निराळी. तिथे करारात जितक्या दिवसांची नोटीस लिहिली आहे तितकी द्यावीच लागते.

जुने, खरेखुरे भाडेकरू असतील आणि भाडे थकले असेल, तर लेखी मागणीची नोटीस दिल्यावर ९० दिवस थांबावे लागते. त्याआधी त्या कारणावर दावा लावता येत नाही. भाडे कायद्याच्या बाहेरच्या जागांना, उदाहरणार्थ बँकेला दिलेल्या जागेला, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०६ लागू होते. मासिक भाडेपट्टा असेल आणि करारात वेगळे काही नसेल तर १५ दिवसांची नोटीस, आणि ते दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजायचे.

बाईंची नवी नोटीस एका पानात मावली. दोघांची नावे व पत्ते, फ्लॅटचा पूर्ण तपशील, कराराची तारीख आणि नोंदणी क्रमांक, मुदत संपल्याचा दिवस, घर कोणत्या तारखेपर्यंत रिकामे करून किल्ल्या द्यायच्या ती तारीख, वीजबिल वगैरे बाकी वजा करून अनामत रक्कम परत मिळेल हे आश्वासन, आणि न सोडल्यास काय करू ते. शेवटी सही. चपला गेल्या, मासळीही गेली. बाईंना ते जरा जिवावर आले.

पाठवायची कशी? पूर्वी आपण डोळे मिटून ‘रजिस्टर एडी’ म्हणायचो. ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टानेच, नोंदणी आणि पोच मागून पाठवावी. पावती आणि नोटिशीची सही केलेली प्रत जपून ठेवावी. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा येऊन परत आले तर फोडू नका. पत्ता बरोबर असेल तर तो शेराही पुरावा असतो.

एक घोटाळा बाईंनी करून ठेवला होताच. जानेवारीचा चेक घेऊन ‘भाडे मिळाले’ अशी पावती दिली होती. मुदत संपल्यावर पैसे घ्यायचे तर ‘जागेच्या वापरापोटी, हक्क राखून’ असे लिहून घ्यावेत. नाहीतर करार पुढे चालू राहिला असे समोरचा म्हणू शकतो. त्यांच्या पुतण्याने आणखी एक उपाय सुचवला होता, पाणी बंद करण्याचा. भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडायला कलम २९ ची सरळ मनाई आहे, आणि परवानाधारकाच्या बाबतीतही असा आडदांडपणा मालकाच्याच अंगाशी येतो. पुतण्याला मी चहा पाजून गप्प केले.

नोटीस पोचल्यावर पाचव्या दिवशी त्या गृहस्थांचे उत्तर आले. भांडण नव्हते. मुलगी दहावीला होती, परीक्षा होईपर्यंत थांबू द्या एवढेच. बाई शिक्षिका, त्यांना नाही म्हणवेना. मग आम्ही एक छोटे पत्र केले. ही कराराची मुदतवाढ नसून घर रिकामे करण्यासाठी दिलेली सवलत आहे, ती ३१ मार्चला संपेल, दुप्पट रक्कम घेतली जाणार नाही. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. बाईंनी ऑपरेशन एप्रिलवर ढकलले.

३१ मार्चला दुपारी किल्ल्या मिळाल्या. बाईंनी अनामत रकमेचा चेक दिला, मीटरचे आकडे लिहून घेतले आणि दोन्हीच्या पावत्या केल्या. या वेळी पावतीचा मजकूर त्यांनी मला आधी फोनवर वाचून दाखवला.