विश्लेषण : खाते आपलेच, मग ओळख पुन्हापुन्हा का पटवायची?

नवा मोबाइल घेतला, ई-मेल उघडायला गेले, पासवर्डही बरोबर टाकला. तरी ‘हे तुम्हीच आहात का?’ असा प्रश्न येतो. ओटीपी जातो जुन्या, बंद पडलेल्या क्रमांकावर आणि आपण आपल्याच खात्याबाहेर अडकतो. वर क्रमांक द्या, ओळखपत्र पाठवा, सेल्फी काढा, अशा मागण्या. सुरक्षेसाठी खासगी माहिती नेमकी किती द्यायची?

तपासणी का होते?

अनेक जण एकच पासवर्ड सगळीकडे वापरतात. एका संकेतस्थळावरून तो चोरीला गेला, की बाकीची खातीही धोक्यात येतात. म्हणून नवा फोन किंवा वेगळे शहर दिसले, की दुसरा पुरावा मागितला जातो. भारतात ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून अशी अतिरिक्त पडताळणी सक्तीची केली.

मग आक्षेप कशाला?

सुरक्षेसाठी दिलेली माहिती सुरक्षेपुरतीच राहील, याची खात्री नसते. ट्विटरने खाते सुरक्षित करण्यासाठी म्हणून घेतलेले फोन क्रमांक आणि ई-मेल पत्ते जाहिरातींसाठी वापरल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. १४ कोटींहून अधिक वापरकर्त्यांनी ही माहिती दिली होती. मे २०२२मध्ये कंपनीने १५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

क्रमांकावरच सारी भिस्त ठेवण्यातही धोका आहे. भारतात बंद झालेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. तो खात्याला जोडलेलाच राहिला, तर आपले ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती पडतात.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती ही ठरलेल्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. कायद्यातच उदाहरण आहे : आरोग्यसल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधील संपर्क यादीही मागितली आणि ग्राहकाने ‘हो’ म्हटले, तरी ती यादी त्या सेवेला आवश्यक नसल्याने ही संमती तिला लागू होत नाही. मात्र कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे.

तोवर काय करावे?

– शक्य तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरा. त्यातील कोड फोनमध्येच तयार होतो, सिमकार्डची गरज लागत नाही.

– पासकीची सोय असेल तर ती निवडा. बोटाचा ठसा फोनबाहेर जात नाही.

– खात्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून घरी जपून ठेवा.

– सिम बंद करण्याआधी बँक, ई-मेल आणि इतर खात्यांतील क्रमांक बदला.

– ओळखीसाठी आधारची प्रत मागितली आणि चालत असेल, तर ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

खात्याला कुलूप हवेच. पण कुलूप लावून देणाऱ्याला घरातली सगळी कपाटे उघडून दाखवण्याची गरज नाही. माहिती मागितली, की ती कशासाठी हवी, हे आधी वाचा आणि मगच ‘सहमत’वर बोट ठेवा.