डास कोण खातं?

परसात तळं करायचं म्हटलं की घरातून पहिला सवाल येतो, ‘डास होतील त्याचं काय?’ त्यावर पक्षिप्रेमींचं उत्तर तयारच असतं : पाखरं खातील की! उत्तर गोड आहे, पण अर्धवट.

‘पर्पल मार्टिन’ नावाची एक भिंगरी दिवसाला २००० डास फस्त करते, असा १९६०च्या दशकात अमेरिकेत बोलबाला झाला. लोकांनी तिच्यासाठी अंगणात खांबावर घरटी उभारली. अभ्यासकांनी तिचा आहार तपासला, तर डास नावापुरतेच. ती दिवसा, उंचावर शिकार करते. बहुतेक डास अंधार पडता पडता खाली झुडपांतून निघतात. गाठ पडणार कशी? आपल्या कोतवालालाही टोळ, नाकतोडे, पतंग असा भरीव घास लागतो.

तळ्यावरच्या तारेवर वेडा राघू बसतो. सूर मारून मधमाशी पकडली की परत तारेवर येतो, तिला आपटतो, घासतो आणि नांगीचं विष काढूनच गिळतो. चतुर मिळाला तर तोही सोडत नाही. इथे आपला हिशेब फिसकटतो, कारण डासांचा खरा वैरी हा चतुरच. त्याची पिल्लं पाण्यात वाढतात. दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या धरतात. जोडीला गप्पी मासे असतात. त्यांच्यावर ढोकरीचा डोळा. मातकट अंगाची ही बया काठावर असून नसल्यासारखी उभी असते. उडाली की पांढरेशुभ्र पंख दिसतात, तोवर मासा गेलेला असतो. म्हणून पाण्यात दगडकपारी आणि पाणवनस्पतींचा आडोसा हवाच.

मग पाखरांचा उपयोग काय? झाडांना. शिंपी पानामागच्या अळ्या टिपतो, दयाळ पालापाचोळ्यातले किडे. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना आधी अळ्याच भरवते. हरभऱ्यात घाटेअळीसाठी शेतकरी पक्षिथांबे लावतात, तशी एक वाळकी फांदी तळ्याकाठी रोवली तरी पुरे.

डेंग्यूचा एडिस मात्र या सगळ्यांना चकवतो. तो दिवसा चावतो आणि साठवलेल्या पाण्यात, अगदी करवंटीतही वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला ‘कोरडा दिवस’ : साठवलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. आमच्याकडे महिनाभर तळ्याला बोल लावून झाले. अळ्या सापडल्या त्या मोगऱ्याच्या कुंडीखालच्या बशीत.