लाल ढेकूण फक्त कपाशीवरच असतो का?

कपाशीची बोंडे उमलू लागली की त्यांवर लाल किड्यांचे घोळके जमतात. पंखांवर एकेक काळा ठिपका, पोटाखाली पांढरे आडवे पट्टे. हाच लाल ढेकूण, शास्त्रीय भाषेत डिस्डर्कस.

गैरसमज : तो कापसाचा धागा खातो.
त्याला हवी असते सरकी. सोंड बोंडात खुपसून तो सरकीत लाळ सोडतो आणि पातळ झालेला गर शोषून घेतो. सरकीतले तेल घटते, उगवणशक्ती कमी होते. रुईवर पिवळट डाग पडतात ते सोंडेच्या जखमेतून शिरलेल्या बुरशीमुळे. जिनिंगमध्ये किडे चिरडले तरीही रुई डागाळते.

गैरसमज : बीटी कपाशीला त्याचा त्रास नाही.
बीटीतले प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे. ढेकणावर त्याचा परिणाम होत नाही.

गैरसमज : कापूस संपला की कीड संपली.
बांधावर आणि रानात पाहिले तर खरे चित्र कळते. भेंडी, अंबाडी, पेटारी, परसभेंडी, काटेसावर ही सारी कपाशीच्याच कुळातली झाडे, आणि त्यांच्या बिया याला चालतात. उन्हाळ्यात सावरीची बोंडे तडकून बिया खाली पडतात, तेव्हा बुंध्याशी याची लाल पिल्ले शेकड्यांनी दिसतात. कुळाचे हे नाते जगभर टिकून आहे. याची एक जात भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली आहे, आफ्रिकेतल्या जाती गोरखचिंचेच्या बियांवर वाढतात, फ्लोरिडात आणखी वेगळी जात कपाशीवर येते.

मात्र यजमान वनस्पतींच्या लांबलचक याद्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. उडत आलेला प्रौढ कीटक कुठल्याही झाडावर टेकतो, सोंडही लावून पाहतो. तेवढ्याने ते झाड यजमान होत नाही. ज्या वनस्पतीच्या बियांवर पिल्ले वाढून प्रौढ होतात, तीच खरी यजमान. माझ्या मते यादीत नाव घालण्याची कसोटी एवढीच असावी.

गैरसमज : दिसला लाल किडा की मारावा.
अँटिलोकस हा याच कुळातला लाल कीटक लाल ढेकणांचीच शिकार करतो. दोघे लांबून सारखेच भासतात. म्हणून फवारणीआधी दोन मिनिटे थांबून पाहा, सोंड बोंडात आहे की दुसऱ्या ढेकणाच्या अंगात. ढेकूण थोडे असतील तर रॉकेल मिसळलेल्या पाण्यात झटकून काढा आणि उमललेला कापूस झाडावर न ठेवता लगेच वेचा.